शेवटचा रकाना

केळापूर तालुक्याची एक मौज अशी आहे की, ज्या गावाचे नाव त्याने धारण केले त्या गावात त्याची कचेरी नाही. जगदंबेच्या देवस्थानामुळे पंचक्रोशीत ओळखले जाणारे केळापूर आपले नाव तालुक्याला देऊन स्वस्थ राहिले, आणि तहसील, न्यायालय, बाजार, दवाखाना हा सारा सरंजाम शेजारच्या पांढरकवड्याने उचलला. कागदावर केळापूर लिहावे आणि पाय मात्र पांढरकवड्याकडे वळवावेत, ही गोष्ट येथील कास्तकाराच्या इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यात काही विसंगती आहे असे कोणी म्हटलेच तर तो म्हणणाऱ्याचीच कीव करील. नाव एके ठिकाणी आणि वस्तू दुसऱ्या ठिकाणी, हा प्रकार सरकारी दफ्तरास नवा नव्हे. आणि बुद्धीच्या जन्मजात अथवा बालपणी आलेल्या उणेपणाची कारणे मनुष्याने कसकशी लावली, कोणत्या सदराखाली मांडली आणि कोणत्या हेतूने मांडली, हा जो आजचा विषय, तोही पुष्कळ अंशी असाच एका नावाआड दडलेल्या अनेक वस्तूंचा इतिहास आहे.

१८५३ साली वऱ्हाडचा कारभार निजामाकडून इंग्रजांच्या हाती आला, आणि १८६७ साली या प्रांताची पहिली खानेसुमारी झाली. केळापूर तेव्हा वणी जिल्ह्यात मोडत असे. त्या जिल्ह्यास यवतमाळ हे नाव १९०५ साली मिळाले. पुढे दर दहा वर्षांनी शिरगणती होऊ लागली, आणि तिच्या पत्रकात नाव, धर्म, वय, जात, धंदा, भाषा, अक्षरओळख असे रकाने ओलांडीत गेल्यावर अगदी शेवटी व्यंगाचा एक रकाना येई. १९०१ सालच्या पत्रकात तो सोळावा होता. दोन्ही डोळ्यांनी आंधळा, मुका-बहिरा, रक्तपितीने झडलेला आणि वेडा, असे चारच प्रकार त्यात नोंदवावयाचे. एका डोळ्याने अंध असलेल्यास अथवा नुसते पांढरे कोड असलेल्यास त्यात धरू नये, अशी स्पष्ट ताकीदही होती. डोळा एक की दोन आणि कोड पांढरे की झडणारे, याचा एवढा बारीक विवेक करणाऱ्या त्या सूचनेत वेडाच्या बाबतीत मात्र एकच शब्द होता. तरुणपणी भ्रमिष्ट झालेला इसम आणि जन्मापासून ज्याला दहापर्यंत मोजता आले नाही असे लेकरू, या दोघांनाही त्या एकाच कप्प्यात बसावे लागे.

दोष केवळ इंग्रज अधिकाऱ्याचा होता असे म्हणवत नाही. एखाद्या गोंड वस्तीत किंवा कोलामांच्या पोडावर पत्रक घेऊन बसलेला प्रगणक ज्या भाषेत प्रश्न विचारी, त्या भाषेतही हा भेद पक्का झालेला नव्हता. वऱ्हाडी बोलीत येडा म्हणजे भ्रमिष्टही आणि मंदही. बयताड म्हणजे रागाच्या भरात कोणीही. अर्धवट, खुळा, भोळा या शब्दांत उपहास, दया आणि माया यांचे प्रमाण बोलणाराच्या सुरावर ठरे. घरच्या माणसांना भेद कळत नसे असे नाही. आईला तो पहिल्या वर्षातच कळतो, कारण शेजारणीचे मूल बसू लागते आणि आपले मान सावरीत नाही. परंतु जे कळते ते परक्या कारकुनास सांगण्याची तिला गरज वाटत नसे, आणि सांगितलेच तर लिहून घेण्यास रकाना नसे. म्हणून त्या दशवार्षिक अहवालांतील वेड्यांच्या संख्या वाचताना मला नेहमी असे वाटते की, त्या आकड्यांत जे आले त्यापेक्षा जे घरात राहिले तेच या विषयाचे खरे दफ्तर होय.

इंग्रजांच्या फार पूर्वी या प्रश्नाला आपल्याकडे दोन दरबारांत उत्तर मागितले गेले होते: एक वैद्याचा आणि दुसरा धर्मशास्त्राचा.

वैद्यांच्या दरबारातील चर्चा आजही विचार करावयास लावणारी आहे. सुश्रुताने गर्भिणीच्या इच्छेची अवहेलना झाली असता कुबडे, लुळे, खुजे अथवा जड अपत्य होते असे सांगितले. त्या इच्छेला त्याने दौहृद म्हटले, आणि आपला डोहाळे हा शब्द त्याचाच घरगुती अवतार आहे. डोहाळजेवणाच्या पाटावर बसलेल्या मुलीला हिरवी साडी नेसवून ओटी भरणाऱ्या बायकांना सुश्रुताचे नावही ठाऊक नसेल; पण पोटातल्या जिवाचे बरेवाईट आईच्या मनात व आहारात आहे, हा कारणविचार त्या पाटाभोवतीच्या रांगोळीतून पिढ्यान्‌पिढ्या उतरत आला. चरकाचे उत्तर अधिक खोल जाते. त्याच्या शारीरस्थानात एक शंका उपस्थित होते की, मनुष्यापासून मनुष्य होतो, तर जड, अंध, कुबड्या, मुक्या माणसांची मुले बापासारखी का होत नाहीत? त्यावर आत्रेयाचे समाधान असे की, बीजाचा जो भाग बिघडलेला असेल त्या भागापासून होणारा अवयव बिघडतो, आणि तो भाग शाबूत असेल तर बिघडत नाही. यात आजचे जनुकशास्त्र शोधून काढण्याचा मोह आपल्याकडील अनेकांना आवरत नाही, तो आवरावा. परंतु व्यंग बापात आहे आणि मुलात नाही, ही साधी गोष्ट पाहून कारणाच्या सिद्धान्तालाच जाब विचारण्याची जी शिस्त त्या संवादात दिसते, ती उसन्या अभिमानाशिवायही कौतुकास पात्र आहे.

धर्मशास्त्राला कारणाशी नव्हे, वाट्याशी कर्तव्य होते. मनूने आणि याज्ञवल्क्याने जड पुरुषाला, वेड्याला आणि जन्मांधाला वारसाहक्कातून वगळले, मात्र त्यांना अन्नवस्त्र देणे कुटुंबावर बंधनकारक केले. कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या काळी विज्ञानेश्वराने मिताक्षरा लिहिली आणि तीत या नियमाला दोन महत्त्वाच्या पुरवण्या जोडल्या: अशा पुरुषाचा मुलगा निर्दोष असेल तर त्याला वाटा मिळावा, आणि औषधादी उपायांनी दोष गेला तर वाटणी होऊन गेली असली तरीही त्या पुरुषाला त्याचा हिस्सा मिळावा. म्हणजे दोष साध्य की असाध्य, आणि तो बीजाबरोबर पुढे जातो की जात नाही, हे आज रोगनिदानाचे मानले जाणारे दोन्ही प्रश्न आपल्याकडे शेतीच्या वाटणीतही विचारले गेले. इंग्रजी अमदानीत हाच वाद दिवाणी न्यायालयांत शिरला. १९२८ साली विधिमंडळाने कायदा करून व्यंगामुळे वारसा बुडण्याची चाल बंद केली. पण जन्मापासून वेडा अथवा जड असलेल्या इसमाचा अपवाद ठेवला, त्यामुळे 'जन्मापासून' या एका शब्दावर किती एकर पांढरी-काळी जमीन कोणाच्या नावे लागेल हे अवलंबून राहिले. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने तो अपवादही काढला. ज्या भावाला वाटा नको होता त्यानेच दुसऱ्या भावाच्या जडत्वाची जन्मतिथी हिरिरीने सिद्ध करावी, असे प्रसंग ज्या व्यवस्थेने निर्माण केले त्या व्यवस्थेत कारणाची निर्भेळ जिज्ञासा कोठून वाढणार?

सरकारला आणखी एक गरज होती, ती बंदोबस्ताची. नागपूरचे वेड्यांचे इस्पितळ १८६४ साली उघडले. १९१२ च्या कायद्याने वेडा या शब्दाची व्याख्या करताना जन्मजड आणि विकृतचित्त अशा दोघांनाही एकाच पंक्तीस बसविले, आणि ती पंक्त मोडण्यास १९८७ साल उजाडावे लागले. त्या वर्षीच्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णाच्या व्याख्येतून मतिमांद्य वेगळे काढले. पाऊणशे वर्षे हा काळ कायद्याच्या आयुष्यात थोडा असेल, मनुष्याच्या आयुष्यात तो संपूर्ण असतो.

आता ज्याला कारणांचे वैद्यकीय वर्गीकरण म्हणावे त्याचा आरंभ पाहू, आणि त्यासाठी दूर जावे लागले तरी वाट पुन्हा हिंदुस्थानावरूनच जाते. विल्यम वॉदरस्पून आयर्लंड या नावाचा एक स्कॉटिश शल्यवैद्य ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात गोळी लागून त्याचा एक डोळा गेला. मायदेशी परतल्यावर १८६९ साली तो लार्बर्ट येथील मंदबुद्धी मुलांच्या संस्थेचा वैद्यकीय अधीक्षक झाला आणि १८७७ साली त्याने जडत्वावर जो ग्रंथ लिहिला त्यात मुलांची विभागणी त्यांच्या बुद्धीच्या पायरीवरून न करता कारणावरून केली: जन्माआधीपासूनचे, लहान डोक्याचे, डोक्यात पाणी साचल्याचे, आकडीनंतरचे, फेफऱ्याचे, पक्षाघाताचे, मार लागल्याचे, मेंदूच्या दाहानंतरचे, गलगंडाच्या प्रदेशातले, आणि शेवटी ज्यांची इंद्रियेच बंद राहिल्याने बुद्धीला खाद्य मिळाले नाही त्यांचे. अयोध्या प्रांतात लांडग्यांनी वाढविल्याचे सांगितल्या जाणाऱ्या ज्या मुलांच्या हकिकती स्लीमनने १८५२ साली छापल्या होत्या, त्यांचाही परामर्श या ग्रंथात आहे. ही यादी मी मुद्दाम सविस्तर दिली, कारण तिचा प्रत्येक कप्पा एखाद्या दाईला किंवा आईलाही ओळखता येईल असा आहे. ज्याने आठ वर्षे रोज त्याच मुलांना पाहिले त्याची ती विभागणी आहे. तीत तत्त्वज्ञान थोडे आणि नजर पुष्कळ.

याउलट उदाहरण लँग्डन डाऊन या इंग्रज वैद्याचे. त्याने १८६६ साली आपल्या संस्थेतील काही मुलांच्या चेहऱ्यात एक सारखेपणा अचूक हेरला आणि त्या सारखेपणाला मंगोल वंशाचे नाव देऊन टाकले. निरीक्षण खरे, नाव खोटे. आणि नाव खोटे असल्यामुळे पुढची जवळजवळ शंभर वर्षे जगभरच्या आईबापांना आपल्या मुलाच्या निदानाबरोबर एका परक्या मानववंशाचा विनाकारण झालेला अपमानही ऐकावा लागला. १९३३ साली पेन्रोज या इंग्रज वैद्याने दाखविले की, या अवस्थेचा संबंध आईच्या वयाशी आहे, बापाच्या नाही. १९५९ साली पॅरिसमध्ये लेजून, मार्थ गोतिए आणि त्युर्पँ यांनी त्या मुलांच्या पेशींत गुणसूत्रे शेहेचाळीसऐवजी सत्तेचाळीस असतात हे प्रसिद्ध केले, तेव्हा कोठे चेहऱ्याचे कारण चेहऱ्याच्या आत सापडले.

पेन्रोजचे दुसरे काम याहून थोर आहे. इंग्लंडमधील कोलचेस्टर येथील १२८० रुग्णांची आणि त्यांच्या कुटुंबांची त्याने वर्षानुवर्षे छाननी केली, आणि १९३८ च्या अहवालात त्याचे तात्पर्य असे निघाले की, मतिमांद्य नावाचा एक रोग नाहीच. अनेक कारणे एका लक्षणाशी येऊन मिळतात. त्या काळी युरोप-अमेरिकेत मंदबुद्धी माणसांना संतती होऊ देऊ नये म्हणून शस्त्रक्रियेचे कायदे होत होते आणि त्या कायद्यांचा पायाच 'रक्तात दोष' हे एकमेव कारण होता. कारणे अनेक आहेत हे शांतपणे मोजून दाखविणाऱ्या त्या अहवालाचे राजकीय वजन म्हणूनच फार मोठे होते.

हिंदुस्थानात मॅकॅरिसन या सैनिकी वैद्याने गिलगिट आणि चित्राळच्या खोऱ्यांत गलगंड असलेल्या मातांची जड मुले तपासून १९०८ साली त्यांचे दोन प्रकार पाडले: एकात मज्जासंस्थेवर आघात, बहिरेपणा आणि पायांची ताठर चाल, दुसऱ्यात सुजलेले अंग आणि खुंटलेली वाढ. १९५६ पासून कांगडा खोऱ्यात रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आयोडीनयुक्त मीठ वाटून जो प्रयोग केला, त्यामुळे गलगंड हटतो हे सिद्ध झाले आणि १९६२ साली देशव्यापी कार्यक्रम सुरू झाला. चिमूटभर मिठाने जे टळते त्याला आपण सटवाईने कपाळी लिहिलेले म्हणत होतो, हे लक्षात आले म्हणजे पाचवीच्या रात्री पाटावर कोरा कागद आणि लेखणी मांडणाऱ्या आजीबाईला हसावेसे वाटत नाही. कागद कोराच होता, लिहिणारे मात्र आपण नव्हतो एवढेच.

मराठी मुलखात या विद्येची पावले बुद्धिमापनाच्या वाटेने आली. वि. वि. कामत यांनी धारवाडकडील कानडी आणि मराठी मुलांसाठी बिने याच्या कसोट्या बेतून घेतल्या आणि १९४० साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच सुमारास, १९४१ मध्ये, मुंबईत मानखुर्द येथे अशा मुलांसाठी सरकारी मदतीचे निवासगृह झाले. १९४४ साली वकील दांपत्याने आपल्या दीना नावाच्या मुलीसाठी सुरू केलेल्या वर्गातून जय वकील शाळा उभी राहिली. पुण्यात सिंधुताई जोशी यांनी १९६४ साली कामायनी काढली. या संस्थांनी मुलाला काय येते आणि काय शिकविता येईल हे पाहिले. का येत नाही, हा प्रश्न त्यांच्या दारात फारसा नव्हता, आणि ते योग्यच होते. तो प्रश्न प्रयोगशाळेचा होता, आणि प्रयोगशाळा कोठे होती?

ती नॉर्वेत होती, आणि तिथेही दार ठोठावले ते एका आईने. आपल्या दोन मुलांच्या लघवीला चमत्कारिक वास येतो, हे तिने वर्षानुवर्षे डॉक्टरांना सांगितले आणि १९३४ साली फॉलिंग नावाच्या वैद्याने अखेरीस तिचे ऐकले. त्या लघवीत त्याला शरीरातील एका रासायनिक क्रियेचा जन्मजात बिघाड सापडला. १९५३ मध्ये बर्मिंगहॅमला विशिष्ट आहाराने तो बिघाड आवरता येतो असे दिसले, आणि पुढील दशकात गथ्रीने नवजाताच्या टाचेतील रक्ताच्या थेंबावरून तो ओळखण्याची युक्ती काढली. कारणांच्या वर्गीकरणाला नैतिक प्रतिष्ठा आली ती माझ्या मते या क्षणी. तोवर वर्ग पाडणे म्हणजे मुलाला योग्य कपाटात ठेवणे होते. आता योग्य वर्ग वेळेवर कळला तर मूल कपाटाबाहेर राहू लागले.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आठव्या रोगसूचीने, जी १९६८ पासून वापरात आली, मतिमांद्याच्या प्रत्येक आकड्यापुढे एक दशांश चिन्ह ठेवून त्यापुढे कारण लिहिण्याची सोय केली: संसर्ग किंवा विषबाधा, इजा, चयापचय व पोषणातील बिघाड, जन्मोत्तर मेंदूविकार, जन्मपूर्व अज्ञात प्रभाव, गुणसूत्रदोष, अकाली जन्म, गंभीर मनोविकार, सामाजिक वंचना, आणि अनिर्दिष्ट. आयर्लंडच्या यादीची ही नातच म्हणावयाची. केळापूरच्या परिसरात यांतील बहुतेक कप्प्यांना ओळखीचे चेहरे आहेत. मेंदूत चढणारा हिवताप जंगलपट्टीत जुनाच आहे. नागपूरजवळच्या चांदीपुरा गावी १९६५ साली दोन तापकऱ्यांच्या रक्तात सापडलेल्या विषाणूला त्या गावाचेच नाव पडले, आणि २००३ साली आंध्र आणि महाराष्ट्रातील मुलांच्या मेंदूज्वराच्या साथीत तो पुन्हा भेटला. अवघड बाळंतपण, कमी दिवसांचे आणि कमी वजनाचे मूल, पहिल्या आठवड्यात चढलेली आणि अंगावर काढलेली कावीळ, हे तर प्रत्येक गावाचे अनुभव आहेत.

नात्यातल्या लग्नाची गोष्ट निराळी आणि नाजूक. आते-मामे भावंडांचे लग्न या भागात अनेक जातींत चालते. गोंडांत त्याला दूध लौटाना म्हणतात असे रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ च्या ग्रंथात नमूद केले आहे, म्हणजे ज्या घराने मुलगी दिली त्या घराला पुढच्या पिढीत मुलगी परत मिळावी. आईबाप दोघांकडून सदोष जनुक आल्यावरच दिसणारे विकार अशा लग्नांत अधिक दिसतात हे खरे आहे. पण बहुसंख्य अशा जोडप्यांची मुले निरोगी असतात हेही तितकेच खरे आहे, आणि शहरातून आलेला कोणी शिकलेला माणूस प्रत्येक मंद मुलाचे खापर आदिवासींच्या सोयरिकीवर फोडू लागतो तेव्हा तो पेन्रोजच्या आधीच्या काळात उभा असतो.

लोकांच्या मनाला कोणता कप्पा आवडतो, हे पाहणेही उद्बोधक आहे. १९९१ च्या चौकट राजा या चित्रपटातील नंदूचे मन बालपणीच्या अपघातामुळे वाढावयाचे थांबते, आणि प्रेक्षकांनी त्याला डोक्यावर घेतले. घरोघरही हेच ऐकू येते: झोळीतून पडला, तापात डोक्यावर परिणाम झाला, चुकीची सुई दिली. पडणे हे कारण कोणाच्या रक्ताला लागत नाही, धाकट्या बहिणीच्या लग्नात आडवे येत नाही. उलट सासरच्या ओसरीवर जो कप्पा आधी उघडला जातो तो आईचा असतो: हिने ग्रहणात काही चिरले असेल, हिच्या माहेरीच असे कोणी असेल. सुश्रुतापासून गुणसूत्रापर्यंत कारणांच्या याद्या कितीही बदलल्या, तरी त्या घराच्या उंबऱ्याशी आल्या की पुष्कळदा एकाच माणसाकडे बोट दाखवू लागतात.

मधल्या काळात शब्दही बदलले. २००१ च्या जनगणनेत मानसिक व्यंग एकच होते. २०११ च्या पत्रकात मतिमांद्य आणि मनोविकार असे दोन प्रकार झाले, म्हणजे १९०१ च्या त्या सोळाव्या रकान्यात ज्या दोघांना एकत्र बसविले होते त्यांना एकशेदहा वर्षांनी वेगवेगळी जागा मिळाली. २०१३ साली पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतल्या मुलांची तपासणी करताना विकासातील विलंब हे स्वतंत्र सदर आले. २०१६ च्या कायद्याने बौद्धिक दिव्यांगता हा शब्द रूढ केला. तरी कसून तपासणी केल्यावरही ज्यांचे कारण सापडत नाही अशांची संख्या मोठी राहते, विशेषतः जेथे मंदत्व सौम्य असते तेथे; आणि अनिर्दिष्ट हे शेवटचे सदर रिकामे करणे कोणत्याही देशाला साधलेले नाही.

पांढरकवड्यावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग उत्तरेस नागपूरला आणि दक्षिणेस पैनगंगा ओलांडून आदिलाबादमार्गे हैदराबादला जातो. एका टोकाला १८६४ चे वेड्यांचे इस्पितळ, दुसऱ्या टोकाजवळ सिकंदराबादची १९८४ साली स्थापन झालेली मतिमंदांसाठीची राष्ट्रीय संस्था. या रस्त्यावर कोठेही, कोणत्याही दवाखान्यात, कडेवरचे मूल उतरवून आई बाकावर बसली की डॉक्टर यंत्राला हात लावण्यापूर्वी, रक्त काढण्यापूर्वी, कागदावर दिनांक घालून प्रथम जे विचारतात ते असे असते: जन्मल्यावर लगेच रडलं होतं का? आणि आई डोक्यावरचा पदर सारखा करून आधी सासूकडे पाहते, मग सांगते, दाई म्हने जी, उशिरा रडलं.